देवीच्या घरात, बुबुळाच्या आत

चपला काढू नका. चैत्रातला अनसिंगचा फुफाटा तुमच्या तळव्यांना सोसायचा नाही. मोबाइल मात्र इथंच ठेवा; आपण निघालोय तिथं विजेचा खांबसुद्धा नाही. आणि एक अट आहे. डोळ्यांत धूळ जाईल, पाणी येईल, काहीतरी खुपेल, तरी डोळे चोळायचे नाहीत. हात खाली. तयार?

वाशीम–पुसद रस्त्यावरची एसटी गेली. चहाच्या टपऱ्या गेल्या, डांबर गेलं, तारा गेल्या. आता पायाखाली बैलगाडीच्या चाकोऱ्या आहेत आणि टाचा बुडतील एवढी मऊ, तापलेली माती. साल साधारण १८८०. उन्हाची झळ अशी येते की तुम्ही नकळत निंबाच्या सावलीकडे सरकता. तिथं आधीच दोन बैल, एक म्हातारा आणि तांड्यावरून आलेली एक बाई उभी आहे. तिच्या दंडभर बांगड्यांचा खळखळाट, लोहाराच्या ऐरणीचे ठोके, शृंगऋषींच्या देवळाकडून आलेली घंटा, आणि या सगळ्यावर माश्यांची एकसुरी भुणभुण. वास येतो तो शेणाचा, वाळत घातलेल्या मोहफुलांचा, चिंचेचा आणि बैलांच्या घामाचा. कुणाच्या तरी चुलीवर तुरीचं वरण उतू गेलंय.

आता जरा चेहरे पाहा. म्हाताऱ्याच्या गालांवर खोल खड्डे आहेत. ज्वारी मोजणाऱ्या दुकानदाराच्या नाकावर, कपाळावर तेच. पाणी घेऊन चाललेल्या सुनेच्या हनुवटीवर तेच. तुम्ही एक-दोनदा मान वळवता आणि मग लक्षात येतं की इथं वण नसलेला मोठा माणूसच वेगळा दिसतो. आणि देवळाच्या पायरीवर बसलेला तो तरुण? त्यानं तुमच्या पावलांच्या आवाजाकडे तोंड फिरवलं. त्याच्या एका बुबुळावर पांढरं, दुधाळ फूल आहे. दुसरा डोळा आत बसून गेलाय. लहानपणी देवी आल्या होत्या, एवढंच गाव त्याच्याबद्दल सांगेल. जास्त सांगण्यासारखं काही आहे असं इथं कुणाला वाटत नाही, कारण असा एखादा तरी माणूस प्रत्येक गल्लीत आहे.

चला, त्या गल्लीत शिरू. दारावर निंबाचे टहाळे खोचलेत ना, तेच घर. इथं मात्र चपला बाहेर.

आत अंधार आहे आणि गारवा आहे. जमीन नुकतीच शेणानं सारवली आहे. ओल पायाला लागते. घरात फोडणीचा वास नाही, कारण देवी घरात असताना तेल तापवायचं नाही. पुरुषांच्या दाढ्या वाढल्यात, कारण न्हाव्याला बोलवायचं नाही. धुणं नाही, मटण नाही, मोठ्यानं भांडण नाही. कोपऱ्यात दहीभाताचा नैवेद्य आहे. आणि खाली, जुनेराच्या घडीवर, सहा वर्षांची पोर पडली आहे. तिच्या अंगावर निंबाची डहाळी फिरते आहे, सावकाश, खालून वर, वरून खाली.

वासानं तुम्ही दारातच थबकता. हा वास वर्णन करणं अवघड आहे, पण एकदा आला की विसरता येत नाही: ताप, पू आणि ओलसर निंबाचा पाला एकत्र. पोरीच्या चेहऱ्यावर बोट ठेवायला जागा नाही इतके फोड आलेत, टच्च भरलेले, मधोमध किंचित दबलेले. पापण्या सुजून मिटल्यात. ती कण्हते तेव्हा आजी म्हणते, "थंडी हो, माय. थंडी हो." ती नातीशी बोलत नाही; नातीच्या अंगात आलेल्या देवीशी बोलते.

घाबरलात? तुमच्या जागी कुणीही घाबरेल. पण आजी घाबरत नाही. तिच्या तोंडावरचे खड्डे पाहा. ती या पोरीएवढी असताना तिलाही देवी आल्या होत्या, आणि ज्याला एकदा आल्या त्याला पुन्हा येत नाहीत हे अख्ख्या गावाला माहीत आहे. म्हणून सेवेला तीच बसते, सून नाही. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी तिच्या अंगात ज्या पेशींनी या विषाणूला गाठलं, त्यांचे वंशज आजही तिच्या रक्तात, गाठींत, हाडांच्या मगजात आहेत. त्यांना तो चेहरा आठवतो. आजीला हे कळायचं कारण नाही. पण तिनं त्यावर पूर्ण भरवसा ठेवला आहे आणि तो भरवसा बरोबर आहे.

आज फोड उठल्याचा नववा दिवस. आजी कापसाचा बोळा गार पाण्यात बुडवते आणि पोरीच्या उजव्या पापणीवरची खपली भिजवते. पापणी जराशी उघडते. आजी वाकून पाहते. काही बोलत नाही, पण तिचा हात थांबतो.

तिला काय दिसलं ते आपण आत जाऊन पाहू. बोळ्याच्या टोकाला थेंब लोंबकळतोय. त्यात शिरा.

खारट आणि गरम. एरवी डोळ्याचा पुढचा भाग अंगापेक्षा थोडा गार असतो, पण आज पोरीला सणकून ताप आहे. तुम्ही आता इतके लहान झालात की डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर म्हणजे तुम्हाला पोहावं लागेल असं पाणी आहे. त्यात जंतूंची भिंत फोडणारं लायसोझाइम आहे, प्रतिपिंडं आहेत. पण पापण्या सुजल्यामुळं हे पाणी हलत नाही, साचलंय. खाली पारपटल, म्हणजे बुबुळावरची ती पारदर्शक काच. मध्यभागी तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. वरचे पाच-सहा पेशींचे थर ओलांडून आत उतरा. जपून, या थरांत चेतातंतूंची टोकं इतकी दाट आहेत की अंगावर दुसरीकडे कुठं एवढी सापडायची नाहीत. तुमचा पाय लागला की बाहेर पोर किंचाळेल.

आत पाहिलंत? निरोगी डोळ्यात ही जागा कशी असते ते आधी डाव्या बाजूच्या त्या कोपऱ्यात पाहून घ्या, तो भाग अजून शाबूत आहे. कोष्ट्याच्या मागावर ताणा लावलेला असतो ना, एकेक धागा सारख्या अंतरावर, एकही गुंता नाही, तसे इथं कोलॅजेनचे तंतू आहेत. एका थरात सगळे एका दिशेनं, पुढच्या थरात दुसऱ्या दिशेनं, आणि असे दोनशेहून जास्त थर. ही अंतरं नेमकी आहेत म्हणून प्रकाश आरपार जातो. इथं रक्ताची एकही नळी नाही. रक्त असतं तर लाल दिसलं असतं. प्राणवायू येतो तो हवेतून आणि अश्रूंतून. सगळी रचना एकाच गोष्टीसाठी: दिसावं म्हणून.

आणि हीच अडचण आहे. शरीराची संरक्षक फौज रक्तातून फिरते, आणि इथं तर रक्तच नाही.

पण जागा मोकळी सोडलेली नाही. तंतूंच्या मधून फांद्या पसरून बसलेल्या त्या पेशी दिसतात? त्यांना डेंड्रायटिक पेशी म्हणतात. बुबुळाच्या काठाला त्या जास्त आणि तयारीत असतात. मध्यभागी थोड्या आणि अजून कोवळ्या. मध्यभागी त्या आहेतच, हे बोस्टनमध्ये पेड्राम हमराह आणि रेझा डाना यांनी दाखवून दिलं तेव्हा एकविसावं शतक उजाडलं होतं. तोवर हा भाग रिकामा मानत. खालच्या अंगाला मॅक्रोफेज आहेत, संथ, गबाळ्या, समोर येईल ते गिळणाऱ्या.

आता वर पाहा. काचेच्या वरच्या थरातली एक पेशी फुगली आहे. तिच्यात देवीचा विषाणू भरलाय, शेकड्यांनी. विषाणूंच्या मानानं तो धिप्पाड आहे, विटेच्या आकाराचा. पेशी फुटायच्या बेतात आहे, पण मरण्याआधी तिनं इंटरफेरॉन सोडलंय. ते शेजारच्या पेशींना लागलं की त्या आपली दारं लावून घेतात, आतली प्रथिनांची भट्टी मंद करतात, म्हणजे विषाणूला शिजवायला काही मिळू नये. त्याचबरोबर आणखी रेणू सुटतात आणि तंतूंच्या फटींतून काठाकडे झिरपत जातात. काठावर रक्तवाहिन्यांचं कडं आहे. त्या फुगतात. बाहेर आजीला एवढंच दिसतं की डोळ्याचं पांढरं लालभडक झालंय.

मागं सरका, आल्या! न्यूट्रोफिल. रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि थरांच्या मधून सरपटत येतात, एकामागून एक, शंभर, हजार. तुम्ही कडेला दाबले जाता. यांना डोळे नाहीत, कान नाहीत. रेणूंचा माग जिकडे दाट तिकडे त्या वळतात. आल्या की गिळतात, आणि गिळता येत नाही तिथं आपल्या पोटातली तीव्र रसायनं बाहेर ओततात. त्यांचं आयुष्य फार थोडं. इथं येऊन लढायचं आणि इथंच फुटायचं. पण त्यांच्या पोटातून सांडलेलं इलॅस्टेज आणि कोलॅजेनेज विषाणू आणि तंतू यांत फरक करत नाही. ऐका, ताण्याचे धागे तुटताहेत. अंतरं बिघडतात, फटींत पाणी शिरतं, थर फुगतात. प्रकाश सरळ जायचा तो आता विखुरतो. तुमच्याभोवती सगळं धुकट पांढरं होत चाललंय. आजीचा हात थांबला तो हे पाहून.

इकडे एक गोष्ट चुकवू नका. ती फांद्यांची पेशी आपल्या फांद्या आवरून घेते आहे. तिनं विषाणूचा एक तुकडा उचललाय आणि ती निघाली. तिच्या पाठीवर बसा. काठापर्यंत, तिथून लसवाहिनीत, तिथून कानाच्या पुढच्या गाठीत. बाहेरून आजीनं बोट ठेवलं तर ही गाठ तिला हरभऱ्याएवढी, दुखरी लागेल. आत ही गर्दी! टी पेशी, लाखांनी. ती डेंड्रायटिक पेशी एकेकीला आपला तुकडा दाखवते. बहुतेक पुढं निघून जातात. अखेर एक थांबते. तिच्याजवळचा साचा या तुकड्याशी नेमका जुळतो. ती दुभंगते, तिच्या दोन होतात, दोनाच्या चार. काही दिवसांत तिची पलटण तयार होते. त्यात सीडी-८ प्रकारच्या पेशी आहेत, ज्या विषाणूनं भरलेल्या पेशीला गाठून तिला आतूनच मरायला लावतात. आणि सीडी-४ प्रकारच्या, ज्या इतरांना बोलावतात, चेतवतात, बी पेशींकडून प्रतिपिंडं करवून घेतात. या सगळ्याला आठवडाभर लागतो. देवीच्या पोरीला तो आठवडा काढायचा असतो. सुमारे तिसरा हिस्सा पोरं तो काढू शकत नाहीत.

ही काढेल. आपण पुढचे चार दिवस इथंच थांबू, कारण दोन्ही डोळ्यांत दोन वेगळ्या गोष्टी होणार आहेत.

डावा डोळा. टी पेशी काठावरून आत येतात, विषाणूनं धरलेल्या पेशी निवडून मारतात, आणि मग आवरतं घेतात. त्यांच्यातल्या काहींचं कामच आवरायला लावणं असतं. त्या जे रेणू सोडतात त्यानं न्यूट्रोफिलांचं येणं थांबतं. मॅक्रोफेज मेलेल्यांचा राडा गिळून साफ करतात. वरचा थर काठाकडून सरकत येऊन जखम झाकतो. काठाला पुसटसा डाग राहील, नजर राहील.

उजवा डोळा. इथं पापणी पूर्ण मिटत नाही, काच सुकते आहे. पोरीच्या पोटात गेले कित्येक महिने दूध नाही, हिरवी भाजी नाही; अ जीवनसत्त्वाशिवाय वरचा थर नीट उगवत नाही आणि जखम उघडीच राहते. उघड्या जखमेत जिवाणू शिरलेत. म्हणून न्यूट्रोफिल येतच राहतात. विषाणू आता फारसा उरलेला नाही, पण हाक थांबलेली नाही. थर विरघळतात. मग कुठंतरी दुरुस्ती सुरू होते. तिथल्या मूळच्या पेशी नवे तंतू घालतात, पण घाईनं, जाडेभरडे, वेडेवाकडे. ते टिकतात, डोळा फुटू देत नाहीत. त्यातून प्रकाश मात्र जाणार नाही. आजी त्याला फूल म्हणेल.

त्याच पेशी, एकच रक्त. एका डोळ्यात त्या वेळेवर थांबल्या, दुसऱ्यात त्यांना थांबता आलं नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत जिवाला लागणारी गोष्ट हीच वाटते: पोरीचा उजवा डोळा एकट्या विषाणूनं नेला नाही, तिला वाचवायला आलेल्यांचाही त्यात हात आहे. आणि त्या आल्याच नसत्या तर पोर वाचली नसती.

बाहेर या. श्वास घ्या. ओसरीवर बसा, आजी तुम्हाला ताक देईल.

आपण आत्ता पाहिलं ते जगात पहिल्यांदा दिसलं तेही बुबुळातच, हे मला फार आवडतं. पोरीच्या जन्माआधी, १८६७ मध्ये, बर्लिनमध्ये युलियस कोनहाइम नावाचा तरुण एका बेडकाच्या डोळ्यात वाकून पाहत होता. पू कुठून येतो हा त्याचा प्रश्न. त्याचे गुरू रुडॉल्फ विर्खोव म्हणत की तो जागच्या पेशींपासूनच होतो. कोनहाइमनं बेडकाच्या रक्तात रंग सोडला आणि बुबुळाला इजा केली. थोड्या वेळानं रंग खाल्लेल्या पेशी त्या रक्तहीन काचेत दिसू लागल्या. म्हणजे त्या रक्तातून, भिंत ओलांडून आल्या होत्या. काच पारदर्शक नसती तर हे दिसलं नसतं. पुढं १८८८ मध्ये थिओडोर लेबर यांनी सशाच्या बुबुळात दाखवलं की या पेशी रसायनाच्या मागानं ओढल्या जातात. अनसिंगच्या या ओसरीवर त्यातलं काही पोचायला अजून खूप अवकाश आहे.

खपल्या गळतात. निंबाचा पाला घालून तापवलेल्या पाण्यानं पोरीला न्हाऊ घालतात. टहाळे उतरतात, न्हावी येतो, कितीतरी दिवसांनी चुलीवर फोडणी चरचरते आणि सगळ्या घराला भूक लागते. देवीला चांदीचे डोळे वाहिले जातात, दोन्ही. पोर एका डोळ्यानं ते पाहते आणि विचारते, हे माह्ये हायेत का?

उजव्या डोळ्यासाठी गाव उपाय सुचवतं. कुणी मध सांगतं, कुणी बाळंतिणीचं दूध, कुणी झाडाचा चीक. चिकाला आजी नाही म्हणते आणि ती शहाणी आहे. याच वऱ्हाडात, अमरावतीकडच्या लोणी टाकळीला १८८१ मध्ये जन्मलेलं एक बाळ वर्षाचंही झालं नव्हतं तेव्हा डोळ्यावर चुकीचं औषध पडून आंधळं झालं. पुढं त्यानं जे ग्रंथ रचले, जी भक्ती उभी केली, तिच्यामुळं आपण त्याला प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज म्हणून ओळखतो. पण अशा किती बाळांची नावं कुठंच उरली नाहीत.

आषाढ लागला. तुम्ही डोळे चोळलेत ना? मी पाहिलं. पहिल्या पावसाच्या दिवशी, बाजारात, ओल्या बाहीनं.

मग सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या असणारच. चाचपडत ओसरीवर या. घाबरू नका, अर्ध्या गावाचे डोळे आलेत. चिखल, कुबट घोंगड्या, डोळ्यांवर हळदीनं पिवळं केलेलं फडकं धरून बसलेली माणसं. डोळ्यात रेती गेल्यागत टोचतंय आणि कानापुढची गाठ सुजली आहे. आता तुम्हाला ती गाठ कशासाठी सुजते हे ठाऊक आहे. आत तुमच्या टी पेशींची निवड चालू आहे. अशा साथींमागे पुष्कळदा अडेनोव्हायरस असतो. तो देवीच्या मानानं सौम्य, आठ-पंधरा दिवसांत लाली ओसरते. पण तिसऱ्या आठवड्यात एका रात्री तुम्ही एरंडेलाच्या दिव्याकडे पाहता आणि ज्योतीभोवती कडं दिसतं. अक्षरं धुकट. हे काय? तुमच्या काचेच्या वरच्या थराखाली राखाडी ठिपके आलेत. ते विषाणू नाहीत. विषाणूच्या उरल्यासुरल्या प्रथिनांभोवती जमलेल्या तुमच्याच लिम्फोसाइट पेशी आहेत. पांगायला त्या कधी आठवडे घेतात, कधी महिने. आज स्टेरॉइडच्या थेंबांनी त्या दबतात, आणि थेंब अचानक बंद केले की पुन्हा जमतात. म्हणून दुकानातून स्वतःच्या मनानं असे थेंब आणू नका. १८८० मध्ये थेंबच नाहीत. तुम्ही थांबता. दिवे हळूहळू स्वच्छ होतात.

कार्तिकात कापूस फुटतो आणि हिवतापही. वेचणीच्या ऐन दिवसांत समोरच्या घरातला शेतकरी तीन गोधड्या घेऊन थडथडतोय. खाटेचे पाय वाजतात. ताप उतरतो तेव्हा त्याच्या ओठाच्या कडेला पाणीदार फोड येतात आणि एक डोळा लाल होतो. उजेड सोसत नाही, म्हणून तो तोंडावर उपरणं घेऊन भिंतीकडे वळलाय. त्या काळी दूर अमेरिकेतले नेत्रवैद्यही असा व्रण हिवतापाचाच धरत. ताप फक्त निमित्त होता. हा हर्पिसचा विषाणू, लहानपणी कुणाच्या तरी लाडाच्या पाप्यातून आलेला, त्याच्या कवटीच्या तळाशी असलेल्या चेतागाठीत इतकी वर्षं निजून होता. तिथं सीडी-८ पेशी चेतापेशींना बिलगून असतात. त्या चेतापेशीला मारत नाहीत, नुसतं विषाणूला डोकं वर काढू देत नाहीत. इतक्या संयमाचं काम शरीरात फार थोड्या ठिकाणी चालतं. तापानं, उन्हानं, अशक्तपणानं त्यांचा जाच सैल झाला की विषाणू चेतातंतूतून बुबुळापर्यंत उतरतो आणि वरच्या थरावर झाडाच्या फांदीची नक्षी कोरतो.

या शेतकऱ्याची ही पहिली वेळ आहे. फांदी आपोआप भरून येईल. चौथ्या-पाचव्या वेळेला मात्र रोग खोल उतरतो, आणि तिथं जे नुकसान होतं ते बरंचसं सीडी-४ पेशी आणि त्यांच्या हाकेला धावून आलेल्या न्यूट्रोफिलांकडून. काठावरून रक्ताच्या बारीक नळ्या काचेत घुसतात. चेतातंतू मरतात आणि डोळा बधिर होतो, इतका की बोळा लागला तरी कळत नाही. आज वाशीमच्या एखाद्या डॉक्टरकडे तो गेला तर ते आधी असायक्लोव्हिरनं विषाणूला रोखतील, आणि रोग खोल असेल तरच, त्या औषधाच्या आडोशानं, स्टेरॉइड देतील. हा क्रम उलटा झाला तर डोळा जातो. मेलबर्नच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की असा संसर्ग सरल्यावर काही टी पेशी बुबुळातच मुक्काम करतात, आणि निरोगी माणसाच्या बुबुळातही त्या हिंडताना दिसतात. आपण जिला मोकळी काच समजतो तिच्यात आठवण राहायला आलेली असते.

मार्गशीर्ष. सकाळी तोंडातून वाफ निघते. शेकोटीत तुऱ्हाट्या कडकडताहेत, हुरड्याला अजून थोडा वेळ आहे. आणि गावात आज धावपळ आहे. काही घरांची दारं भराभर लागताहेत, काही आया पोरं घेऊन मागच्या दारानं शेताकडे निघाल्यात. देवी काढणारा आलाय.

पारावर तो बसलाय, गुडघ्यावर पेटी. त्याच्याबरोबर शेजारच्या गावाहून आणलेलं एक पोरगं आहे, डोळे रडून सुजलेले, हातात गुळाचा खडा. त्याच्या दंडावर आठ दिवसांपूर्वी टोचल्याचा एक टपोरा फोड आहे. लस त्या फोडातच आहे. या दंडातून त्या दंडात, त्या दंडातून पुढच्या गावाला. १८०२ मध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर पहिला फोड आला आणि तिथून ही रांग हिंदुस्थानभर चालत गेली. या फोडातला विषाणू देवीचा भाऊबंद आहे, पण सौम्य. दंडाच्या कातडीतल्या फांद्यांच्या पेशी त्याचा तुकडा उचलून काखेतल्या गाठीत नेतील, निवड होईल, पलटण उभी राहील, आणि खरी देवी दारात येईल तेव्हा आठवडा वाट पाहावी लागणार नाही. बुबुळापर्यंत गोष्ट जाणारच नाही. आणि हो, ओल्या फोडाला लागलेली बोटं डोळ्याला लागली तर हाच सौम्य विषाणू काचेवर व्रण करू शकतो. मी पहिल्यापासून चोळू नका म्हणत होतो ते यासाठीही.

पाराभोवती बाया उभ्या आहेत, पण पुढं कुणी येत नाही. देवीचा कोप होईल. गुरांचं पाणी पोराच्या रक्तात जाईल. मागच्या साली टोचलं त्या पोराला ताप आला होता. देवी काढणारा थकलेला आहे. हे सगळं त्यानं कालच्या गावातही ऐकलंय. आजी काठावर उभी आहे, नातीचा हात धरून. पोर मान वाकडी करून, डाव्या डोळ्यानं, पेटीतली चकचकीत सुरी पाहते.

आणि तेवढ्यात त्या माणसाची नजर तुमच्यावर पडते. तो उठतो, तुमची बाही सरळ वर करतो. डाव्या दंडावर तो गोल वण आहे. तुमचा जन्म १९७० च्या आधीचा असेल तर तो देवीच्या लशीचा असायचा. तुम्ही तरुण असाल तर तो बीसीजीचा, क्षयाच्या लशीचा आहे. पण ती लस निघायला अजून चाळीसेक वर्षं आहेत, त्यामुळं तो बिचारा काय ओळखणार?

"पाहा!" तो ओरडतो. "हे पाव्हने पाहा! यायच्या देवी काढेल हायेत. तोंडावर एक वण हाये का? डोये पाहा यायचे, कसे लखलखीत हायेत!"

सगळ्या बाया तुमच्या तोंडाकडे पाहतात. तुम्हाला लाज वाटते, पण हलू नका. त्यांना नीट पाहू द्या. म्हातारी जवळ येते, खरखरीत बोटांनी तुमची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवते, आधी एक डोळा, मग दुसरा. मग ती वळून शेजारणीच्या सुनेला काहीतरी म्हणते, हळू, तुम्हाला ऐकू येत नाही. सुनेच्या कडेवर चार-पाच महिन्यांचं बाळ आहे, गुबगुबीत, गाल कोरे. ती एकदा आजीच्या नातीकडे पाहते. मग पुढं होते आणि बाळाच्या अंगड्याची बाही दंडापर्यंत सारते.

"डाव्याच हाताले काढा," ती म्हणते. "उजव्यानं जेवाचं हाये त्याले."